पब्लिक आहे म्हणून वापरलं? अफवांवर रिसर्च करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मास कॉम, समाजशास्त्र, राज्यशास्त्र आणि आजकाल तर कॉम्प्युटरवालेसुद्धा, डेझर्टेशनची घाई सुरू झाली की फेक न्यूज, अफवा, फॉरवर्ड यांच्यावर काम करणाऱ्या पोरापोरींचे तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. कायद्याचा सल्ला म्हणून वाचू नका, त्याला वकील आहेत. आणि हो, उत्तरं सगळी सारख्या लांबीची नाहीयेत, जिथे लोक खरंच अडकतात तिथे जास्त लिहिलंय.

सगळं पब्लिकच आहे ना, मग एथिक्सचा प्रश्न येतोच कुठे?

हा पहिला आणि सगळ्यात जास्त विचारला जाणारा. पोस्ट कोणालाही दिसते म्हणजे ती कोणीही कशासाठीही वापरावी असं त्या माणसाने सांगितलेलं नसतं. गावच्या फेसबुक पेजवर कॉमेंट टाकणाऱ्याच्या डोक्यात गावातले दोन-तीनशे लोक असतात, तुमचा गाईड आणि एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) नसतो.

"आधीच पब्लिक होतं" हे कारण देऊन तोंडघशी पडलेले तुम्ही पहिले नाही. २००८ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी एका कॉलेजच्या अख्ख्या बॅचचे फेसबुक प्रोफाइल, नावं काढून, कॉलेजचं नाव न सांगता, अभ्यासासाठी खुले केले. डेटासोबत दिलेल्या माहितीवरून, कुठले विषय शिकवतात वगैरे बघून, लोकांनी थोड्याच दिवसांत कॉलेज ओळखलं. ते हार्वर्डच होतं. मग डेटा मागे घ्यावा लागला. २०१६ मध्ये डेन्मार्कच्या एका विद्यार्थ्याने आणि त्याच्या सोबत्यांनी ओकेक्युपिड या डेटिंग साइटवरच्या सुमारे ७० हजार लोकांची माहिती, युजरनेम आणि खासगी आवडीनिवडींसकट, नेटवर टाकली आणि वर उत्तर काय, तर हे आधीच पब्लिक आहे. विखुरलेलं होतं ते एका फाइलीत गोळा केलं हाच तर फरक आहे ना. दहा ठिकाणी पडलेल्या दहा गोष्टी जोडल्या की माणूस तयार होतो.

पण मी तर खोटं पसरवणाऱ्यांवर काम करतोय, त्यांची कसली काळजी?

इथे थोडं थांबू. राईनपाड्याची केस घ्या, आपल्याकडे यापेक्षा जवळचं उदाहरण नाही. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस, धुळे जिल्ह्यात साक्री तालुका. सोलापूरकडच्या मंगळवेढ्याहून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारे, त्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. त्याआधी मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतच होते. त्या काळात देशभर गेलेला एक व्हिडिओ तर कराचीतला होता, मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली जनजागृतीची फिल्म, शेवटी मूल परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात, तेवढा शेवट कापून टाकला आणि उरलं काय, तर मोटरसायकलवरून मूल उचलून नेणारे दोघं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणायला सुरुवात केली, जी पुढे जानेवारी २०१९ मध्ये जगभर लावली.

आता हा व्हिडिओ पुढे ढकलणारे कोण होते? कापणारा एक कोणीतरी असेल, त्याला हेतू असेल. पण पुढे ढकलणारे हजारो लोक आई-बाप होते, मामा-मावश्या होत्या, ज्यांना खरंच वाटलं की शेजारच्या पोराला सांगून ठेवावं. ते मेसेज टाकणारी एखादी बाई तुमच्या रिसर्च पेपरमध्ये स्क्रीनशॉटसकट आली, कोणी ओळखली, आणि नातेवाइकांत, गावात, पोलिसांत तिचं नाव झालं तर तुम्ही तिचं काय केलंत? तिने खून केला नाही. तुम्ही मात्र तिला त्या खुनाशेजारी बसवून ठेवलं, कायमचं, पीडीएफमध्ये.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, अफवेच्या अभ्यासात पहिलं संरक्षण साध्या फॉरवर्ड करणाऱ्याला. बनवणारा, पैसे घेऊन चालवणारा, मतं मागण्यासाठी वापरणारा, त्यांचा विचार वेगळा, तो पुढे येतो.

मग नाव ब्लर केलं की झालं ना?

नाही झालं. आणि मराठीत तर अजिबात नाही. इंग्रजी वाक्य गुगलमध्ये टाकलं तर हजार ठिकाणी थोडंफार तसंच सापडतं, मराठी वाक्य जसंच्या तसं कोट केलं की बऱ्याचदा एकच रिझल्ट येतो, तोच तुमचा माणूस. त्यात आपण लिहितो कसं ते बघा, कोणी "नाय" लिहितं, कोणी "न्हाई", कोणी "नही", एका कॉमेंटवरून जिल्हा कळतो, कधीकधी तालुका. नाव काळं केलंत तरी भाषा चुगली करते.

समजा अशी कॉमेंट आहे (मी बनवलेली आहे, शोधू नका): "आमच्या वस्तीवर काल सांजच्याला दोन बाया आल्त्या, पाराखाली बसल्या, म्या सोता बगितलं, मंग पोरं हाकलून लावली." यात काय काय आहे बघा. वस्ती आहे, पार आहे, वेळ आहे, बोलणारा स्वतः साक्षीदार आहे आणि दोन बायांना हाकलल्याची कबुली आहे. हे जसंच्या तसं छापलं तर गावातले लोक दोन मिनिटांत सांगतील कोणी लिहिलं. पेपरमध्ये हे असं जायला हवं: एका ग्रामीण पेजवरच्या कॉमेंटमध्ये लिहिणाऱ्याने अनोळखी स्त्रियांना स्वतः बघितल्याचा दावा केला आणि त्यांना तिथून घालवून दिल्याचं सांगितलं. मुद्दा तोच राहिला, गोडवा गेला, मान्य आहे. गाईड म्हणतील कोट कुठाय, रंग कुठाय. सांगायचं की कोट माझ्याकडे आहे, तुम्हाला दाखवते, छापणार नाही.

इंग्रजीत पेपर लिहिताय तर भाषांतरामुळे थोडी ओळख लपते, पण भाषांतर पुन्हा मराठीत फिरवून शोधणारे असतात, त्यामुळे त्यावर विसंबू नका. छापायच्या आधी तुमचं वाक्य स्वतः दोन-तीन सर्च इंजिनांत टाकून बघा, फेसबुकच्या आतल्या सर्चमध्येसुद्धा. सापडलं तर अजून बदला.

आडनाव, डीपी, "अमुकची मम्मी" असलं डिस्प्ले नेम, हे सगळं जायला हवं. आडनावावरून आपल्याकडे जात आणि गाव दोन्ही शोधायला बसतात लोक, हे काय सांगायला पाहिजे का.

व्हॉट्सॲप ग्रुपची इन्व्हाइट लिंक नेटवर पडलेली आहे. जॉइन होऊन डेटा घेतला तर चालेल का?

करतात लोक, आणि चांगले लोक करतात. २०२० मध्ये आलेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे, भारतातल्या पाच हजारांहून जास्त राजकीय ग्रुपमध्ये अशाच उघड्या लिंकवरून जाऊन केलेला, पत्रकारांकडून इमेज तपासून घेतल्या आणि शेअर झालेल्या इमेजपैकी सुमारे १३ टक्के चुकीची माहिती देणाऱ्या निघाल्या. असा अभ्यास झाला नसता तर आपण सगळे अजून अंदाजपंचेच बोलत असतो.

पण "उघडी लिंक" सगळ्या सारख्या नसतात. पक्षाच्या प्रचाराचा ग्रुप, ज्याची लिंक वेबसाइटवर टाकून "जास्तीत जास्त लोकांनी सामील व्हा" म्हटलंय, तो वेगळा. आणि सोसायटीचा, भिशीचा, दहावीच्या पालकांचा ग्रुप, ज्याची लिंक कोणीतरी चुकून कुठेतरी चिकटवली, तो वेगळा. दुसऱ्यात शिरायचंच नाही. अनोळखी घराचं दार उघडं दिसलं म्हणून कोणी आत जाऊन सोफ्यावर बसत नाही.

ग्रुपमध्ये शिरलात की एक गोष्ट आपोआप होते, सदस्यांचे मोबाइल नंबर तुमच्यासमोर येतात. ग्रुप १०२४ जणांपर्यंत असू शकतो. हे नंबर तुम्हाला कशाला हवेत? कोण किती वेळा बोलला एवढं मोजायला. मग एक्सपोर्ट केल्या केल्या नंबरच्या जागी कोड घाला.

आणि इथे कॉम्प्युटरवाल्या मुलांसाठी खास: नुसतं हॅश करून (म्हणजे ठरलेल्या फॉर्म्युल्याने नंबरचा अक्षर-आकड्यांचा संकेत बनवून) "ॲनोनिमाइझ केलं", ओळख पुसली, म्हणू नका. भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी, ६ ते ९ ने सुरू होणारा, म्हणजे एकूण शक्यता चारशे कोटी. साध्या लॅपटॉपवरसुद्धा सगळ्यांचे हॅश काढून जुळवता येतात. गुप्त की (चावी) वापरून हॅश करा आणि ती चावी वेगळ्या ठिकाणी ठेवा, किंवा सरळ रँडम कोड द्या आणि नंबर कुठला हे सांगणारा तक्ता काम झालं की उडवा.

ॲडमिनने हो म्हटलं म्हणजे सगळ्यांची संमती मिळाली?

नाही. ॲडमिन सरपंच नाही, आणि सरपंचसुद्धा सगळ्या गावाच्या वतीने अशी संमती देऊ शकत नाही. ॲडमिनची परवानगी म्हणजे आत येण्याची परवानगी. त्यानंतर ग्रुपवर एक सरळ मेसेज टाका, मी कोण, कुठलं कॉलेज, काय बघतेय, नको असेल त्याने मला पर्सनलवर सांगा, तुमचे मेसेज वगळते. मोठ्या राजकीय ग्रुपमध्ये हे शक्य नसतं, टाकलात तर पाच मिनिटांत काढून टाकतात. मग निदान प्रोफाइलवर तरी संशोधक असल्याचं लिहा आणि संमती का घेता आली नाही, त्याबदल्यात कुठली काळजी घेतली, हे कॉलेजच्या एथिक्स कमिटीला आणि पेपरमध्ये लिहून द्या. लपवू नका.

फेक अकाउंट काढून, त्यांच्यातलाच एक बनून, थोडं उचकवून बघू का?

अकाउंट खोटं असणं आणि उचकवणं यात फरक आहे. धोकादायक गटांचा अभ्यास करताना स्वतःचं खरं नाव, घरचा नंबर न वापरणं हे मला समजतं, मुलींना तर मी स्वतः सांगते की वेगळं सिम घ्या (स्वतःच्या नावाचंच, दुकानदार देतो तसलं दुसऱ्याच्या आधारवरचं नको). पण स्वतः मेसेज टाकायचा, वाद पेटवायचा, मुद्दाम एक खोटी गोष्ट सोडून ती किती लांब जाते बघायचं, हे चालणार नाही. कमिटीने हो म्हटलं तरी मी नाही म्हणेन.

एप्रिल २०२५ मध्ये झुरिक विद्यापीठाच्या लोकांचं प्रकरण बाहेर आलं ते वाचा. रेडिट या चर्चेच्या साइटवरच्या वादविवादाच्या एका कम्युनिटीत त्यांनी एआयने लिहिलेल्या कॉमेंट सोडल्या, कुठे बलात्कारातून गेलेला माणूस बनून, कुठे ट्रॉमा काउन्सेलर बनून, समोरच्याचं मत बदलतं का बघायला. लोक खऱ्या माणसाशी बोलतोय समजून मन मोकळं करत होते. विषय संशोधनाला महत्त्वाचाच होता. पण लोक एवढे चिडले की ते छापायचं रद्द झालं. त्याआधी २०१२ च्या जानेवारीत फेसबुकने ६,८९,००३ लोकांच्या फीडमधला आनंद-दुःखाचा मजकूर कमी-जास्त करून त्यांच्या मूडवर काय परिणाम होतो बघितलं होतं, २०१४ मध्ये पेपर आला तेव्हा लोकांना कळलं की आपण त्यात असू शकतो. कोणाला विचारलं होतं? अटी-शर्तींना टिक केली होती म्हणे.

ग्रुपवर आत्ता, या क्षणी, "टोळी पकडली, चौकात या" असं आलं तर? मी तर फक्त बघणारा.

तेव्हा तुम्ही बघणारे नसता. पोलिसांच्या तातडीच्या मदतीचा ११२ लावा, मग बाकीचं. गावाचं नाव, मेसेजची वेळ सांगा, स्क्रीनशॉट मागितला तर द्या. डेटा "खराब" होईल, ग्रुपमधून काढतील, गोपनीयतेचं वचन मोडलं वाटेल, होऊ दे. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात काय झालं ते आठवा, लॉकडाऊनमध्ये चोर आणि मुलं पळवणारे आल्याच्या अफवा आणि त्यातून दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाच्या हातून मारले गेले.

फक्त हे ऐन वेळी ठरवायचं नसतं. कुठल्या प्रकारचा मेसेज आला तर मी गोपनीयता बाजूला ठेवेन हे सुरुवातीच्या प्रपोजलमध्येच लिहा, म्हणजे रात्री अकरा वाजता एकटीने डोकं धरून बसावं लागणार नाही. आणि याची उलटी बाजूसुद्धा लिहा, म्हणजे प्रत्येक चिडलेल्या शिवीला पोलिसांकडे धावायचं नाही. जीव जाईल असा धोका, जागा आणि वेळ कळतेय, एवढं असेल तरच.

ग्रुपवर खोटं आलं की मी दुरुस्त करायचं का?

जीवाचा प्रश्न नसेल तर शक्यतो नाही, कारण मग तुम्ही जे मोजताय तेच बदलता. पण अभ्यास संपल्यावर ग्रुपला खरी माहिती देऊन बाहेर पडायला कोणी अडवलेलं नाही. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो ही अफवा होती, महाराष्ट्रातल्या पोल्ट्रीवाल्यांचं त्यात किती वाटोळं झालं. असं काही डोळ्यांसमोर चालू असेल तर मी तटस्थपणा तेवढ्यापुरता गुंडाळून ठेवेन, आणि पेपरमध्ये तसं सांगेन.

व्हिडिओ, फोटो पेपरमध्ये, प्रेझेंटेशनमध्ये दाखवू का?

मारहाणीचे, मृतदेहांचे नाही. राईनपाड्याचेही व्हिडिओ फिरले. मारल्या गेलेल्यांची घरची माणसं आहेत, मुलं आहेत, ती मोठी होऊन नेट बघणार आहेत. त्या व्हिडिओत काय आहे ते दोन ओळींत लिहिता येतं.

खोटी पोस्ट दाखवायचीच असेल तर तिच्यावर आडवं ठळक "खोटे" लिहून, रिझोल्यूशन कमी करून, म्हणजे तुमच्या स्लाइडवरून कापून कोणी पुन्हा फिरवणार नाही. हे होतं, खरंच होतं, सेमिनारमध्ये पोरं मोबाइलवर स्लाइडचा फोटो काढतात आणि संध्याकाळी तो कुठल्या तरी ग्रुपवर असतो, "बघा प्रोफेसरसुद्धा म्हणतात" या मथळ्याखाली. कुणालाही माहीत नसलेली, दहा जणांत मेलेली अफवा तर उकरून काढूच नका.

लैंगिक अत्याचारातली पीडित आणि गुन्ह्याच्या किंवा संरक्षणाच्या प्रकरणातली अल्पवयीन मुलं यांची ओळख छापणं हा सरळ गुन्हा आहे, पहिल्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आणि मुलांसाठी बाल न्याय कायद्याचं कलम ७४. सगळ्या चॅनेलने आधीच दाखवलं होतं हे उत्तर तिथे चालत नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात व्हॉट्सॲप स्टेटसवरून दंगल झाली तेव्हा ते स्टेटस ठेवणाऱ्यांत अल्पवयीन पोरं असल्याच्या बातम्या होत्या. अशा केसवर काम करताना स्क्रीनशॉट हातात आला तरी फाइलमध्ये ठेवायच्या आधी वय हा प्रश्न विचारा.

आमदार, खासदार, आयटी सेल, न्यूज अँकर यांचीही नावं लपवायची का?

नाही, बिलकुल नाही. निवडून आलेला माणूस, पक्षाचं अधिकृत हँडल, मोठं चॅनेल, लाखभर फॉलोअर असलेला इन्फ्लुएन्सर, यांनी जाहीरपणे म्हटलेलं नाव घेऊन, लिंक देऊन छापा. नंतर डिलीट केलं तरी अर्काइव्हची (नेटवर जपून ठेवलेली जुनी) कॉपी वापरा, लोकांना ते माहीत असण्याचा हक्क आहे. उलट मला रागच येतो असे पेपर वाचून, ज्यात गावातल्या बायांचे कोट भरभरून आणि मंत्र्याचं ट्वीट मात्र "एक राजकीय नेता" असं घाबरत लिहिलेलं.

अडचण मधल्यांची. चौकाचौकात फ्लेक्सवर झळकणारे "भावी नगरसेवक" सार्वजनिक व्यक्ती धरायचे का? मी बघते की त्याने ती पोस्ट पुढारी म्हणून टाकली की मुलाचा बाप म्हणून. संशय असेल तर नाव नको. आणि साध्या माणसाने पोस्ट डिलीट केली तर ती माझ्याकडूनही जाते, डिलीट करणं म्हणजे त्याने केलेली विनंतीच आहे.

डेटा प्रोटेक्शनचा कायदा काय म्हणतो?

थोडक्यात, २०२३ चा कायदा त्या माणसाने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला लागू होत नाही, आणि संशोधनासाठीही सवलत आहे, अटी पाळल्या आणि त्या डेटावरून एखाद्या विशिष्ट माणसाबद्दल निर्णय घेतला नाही तर. इथे बरेच जण सुटकेचा श्वास सोडतात. पण "स्वतःहून" हा शब्द परत वाचा. अफवांमधली निम्मी मजा हीच असते की फोटो आणि नंबर दुसऱ्याच कोणाचे असतात! "हीच ती बाई, हा तिचा नंबर, पसरवा." त्या बाईने काहीच जाहीर केलेलं नाही. तिचा फोटो तुमच्या डेटासेटमध्ये असला तर तो पब्लिक सोर्समधून आला म्हणून मोकळा होत नाही.

खोटं काय ते ठरवणारी मी कोण?

बरोबर प्रश्न, फार कमी जण विचारतात. केंद्र सरकारने स्वतःच्या कारभाराबद्दलचं खरं-खोटं ठरवायला फॅक्ट चेक युनिटची तरतूद केली होती, ती मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. सरकारला तो अधिकार नाही म्हटल्यावर आपण जपून असलेलं बरं. दोघं-तिघं वेगवेगळ्या विचारांचे लोक घेऊन स्वतंत्रपणे लेबल करा, मतभेद किती झाले ते छापा, आणि "खोटं", "जुनं पण खरं", "मत आहे, माहिती नाही", "सांगता येत नाही" असे वेगळे खण ठेवा.

लेबलिंगसाठी सगळे चॅट एआयच्या चॅटबॉटमध्ये टाकले तर?

टाकायच्या आधी विचार करा की तुम्ही हजारभर लोकांचं बोलणं एका परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर पाठवताय. आधी नावं, नंबर, गावं काढा, मग बघा. स्वतःच्या मशीनवर चालणारं मॉडेल मिळत असेल तर ते घ्या, हळू चालेल, चालू दे.

आमच्या कॉलेजात एथिक्स कमिटीच नाही.

बहुतेक ठिकाणी नाही. आपल्याकडे एथिक्स म्हटलं की प्लॅजरिझमचा टक्का किती आला एवढंच विचारतात, कमिटी मेडिकल कॉलेजवाल्यांची. पण मार्गदर्शन नाही असं नाही. मुंबईच्या सेहत संस्थेच्या पुढाकाराने आरोग्याच्या सामाजिक संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं २००० सालीच बनली, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सामाजिक संशोधनावर वेगळं प्रकरण आहे, आणि इंटरनेट संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे दस्तऐवज २००२, २०१२ आणि २०१९ चे आहेत, फुकट मिळतात. ते वाचून दोन पानांचा प्रोटोकॉल लिहा, गाईडची आणि विभागाबाहेरच्या एका माणसाची सही घ्या. शक्य असेल तर ज्या समाजावर, ज्या गावावर काम आहे तिथला एक जण घ्या. डवरी गोसावी वस्तीतला माणूस तुमच्या प्रोटोकॉलमध्ये जे बघेल ते तुमच्या विभागप्रमुखांना दिसणार नाही.

हे सगळं बघून मलाच त्रास होतोय.

होणारच. व्हिडिओ आवाज बंद करून, ब्लॅक अँड व्हाइट करून, छोट्या खिडकीत बघा, रात्री झोपायच्या आधी नको. दोघांनी वाटून घ्या. गाईडला सांगा, आणि गाईड "एवढं काय त्यात" म्हणाले तर दुसऱ्या कोणाला सांगा. पेपर आल्यावर ट्रोल येतील हे धरून चाला, घरचा पत्ता, आई-बाबांचे फोटो आपल्या प्रोफाइलवरून आधीच काढून ठेवा.

काम संपल्यावर डेटाचं काय?

तारीख आधीच ठरवा. मी साधारण असं सांगते: कच्चे चॅट आणि स्क्रीनशॉट पदवी मिळाल्यावर किंवा पेपर छापून आल्यावर ठरलेल्या मुदतीत पुसायचे, कोड घातलेले आकडे ठेवायचे. दुसऱ्या कोणाला डेटा हवा असेल तर गिटहबसारख्या कोड-डेटा शेअर करायच्या साइटवर उघडा टाकायचा नाही, काय करणार ते लेखी घेऊन द्यायचा. आणि पुसताना लॅपटॉपवरचं पुसलं, गुगल ड्राइव्हवर राहिलं, मैत्रिणीच्या पेनड्राइव्हवर राहिलं, व्हॉट्सॲपच्या बॅकअपमध्ये राहिलं असं होतं, तेव्हा डेटा कुठे कुठे ठेवलाय याची एक यादी पहिल्या दिवसापासून वहीत ठेवा.